सापळा कोणासाठी?

अठराव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये चोर पकडणे हा खासगी धंदा होता. आज ज्याला पोलीस दल म्हणतात तसे काही शहरात उभे राहिले नव्हते. वाटमारी करणाऱ्याला पकडून जो कोर्टात दोषी ठरवून देईल त्याला 1692 च्या कायद्यानुसार 40 पौंडांचे सरकारी बक्षीस मिळे. साध्या मजुराला वर्षभर राबूनही एवढे पैसे दिसत नसत. या बक्षिसावरच काही माणसांचे पोट चाले. चोरांची खबर काढायची, त्यांना धरायचे, साक्ष द्यायची आणि पैसे घ्यायचे.

चोर कमी पडू लागले तेव्हा त्यांनी चोर तयार केले. 1754 मध्ये स्टीफन मॅकडॅनियल आणि त्याच्या साथीदारांची टोळी उघडी पडली. बिनकामाची, गरजू पोरे हेरायची, त्यांना वाटमारीला उठवायचे, लुटला जाणारा माणूस आपल्याच टोळीतला ठेवायचा आणि लूट झाली की दुसऱ्या साथीदाराने येऊन पोरांना पकडायचे, अशी त्यांची रीत होती. पोरे फासावर जात आणि बक्षीस टोळीत वाटले जाई. ब्लॅकहीथचा कॉन्स्टेबल जोसेफ कॉक्स याने हा बनाव शोधून काढला. 1756 मध्ये टोळीतल्या दोघांना स्मिथफील्डला खोड्यात अडकवून लोकांसमोर उभे केले तेव्हा जमावाने दगड मारून त्यातल्या एकाचा जीव घेतला.

आज यूट्यूबवर आणि फेसबुकवर स्वतःला ‘शिकारी’ म्हणवणारे गट अल्पवयीन मुलामुलींच्या नावाने खोटी खाती उघडतात, त्यांच्या मागे लागणाऱ्या प्रौढांना भेटायला बोलावतात आणि मोबाइलचा कॅमेरा सुरू करून त्यांना गाठतात. त्यांची तुलना मॅकडॅनियलच्या टोळीशी सरसकट करणे अन्यायाचे होईल. यातल्या अनेकांना मुलांची खरी काळजी आहे, काहींनी लहानपणी स्वतः अत्याचार सोसले आहेत. पण खासगी माणसाने लावलेल्या सापळ्याचा इतिहास याच जुन्या वाटेवरून आला आहे, आणि त्यातला पेच तेव्हापासून बदललेला नाही. सापळ्यातून काय मिळवायचे आहे यावर सापळ्याचा आकार ठरतो. बक्षीस मिळवायचे असेल तर तो एका तऱ्हेने लागतो, दोषसिद्धी मिळवायची असेल तर दुसऱ्या तऱ्हेने, आणि प्रेक्षक मिळवायचे असतील तर तिसऱ्याच.

प्रेक्षकांसाठी लावलेला एक मोठा सापळा 1885 चा. ‘पाल मॉल गॅझेट’ या लंडनच्या सायंदैनिकाचा संपादक विल्यम स्टेड धर्मनिष्ठ, तापट आणि विलक्षण धाडसी होता. इंग्लंडमध्ये तेव्हा मुलींचे संमतिवय 13 होते. ते 16 करण्याचे विधेयक पार्लमेंटमध्ये वारंवार रखडत होते. शहरात कोवळ्या मुली वेश्याव्यवसायासाठी विकल्या जातात हे समाजसुधारक जोसेफिन बटलर आणि साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेची मंडळी कळकळीने सांगत होती, पण खासदारांना पाझर फुटत नव्हता. स्टेडने ठरवले की आपणच एक मुलगी विकत घेऊन दाखवायची.

कुंटणखान्याचा धंदा सोडून साल्व्हेशन आर्मीच्या आश्रयाला आलेल्या रिबेका जॅरेट या बाईला त्याने मध्यस्थ केले. लिसन ग्रोव्ह या गरीब वस्तीतल्या एका धुराडे साफ करणाऱ्याची 13 वर्षांची मुलगी एलायझा आर्मस्ट्राँग हिला जॅरेटने आईकडून ताब्यात घेतले. सौदा 5 पौंडांचा ठरला. मुलगी ‘अक्षत’ आहे याची खात्री करण्यासाठी एका सुईणीकडून तिची तपासणी करवली. मग तिला एका खोलीत नेऊन क्लोरोफॉर्म हुंगवला आणि गिऱ्हाइकाच्या वेशात स्टेड त्या खोलीत शिरला. मुलगी घाबरून ओरडली. त्याला सिद्ध करायचे होते ते तिथे सिद्ध झाले. त्याने तिला स्पर्शही केला नाही. पुढे तिला साल्व्हेशन आर्मीच्या लोकांबरोबर फ्रान्सला पाठवून दिले.

6 जुलै 1885 रोजी, सोमवारी, स्टेडची लेखमाला सुरू झाली. डब्ल्यू. एच. स्मिथ या मोठ्या वितरकाने अंक विकायला नकार दिला तेव्हा साल्व्हेशन आर्मीच्या स्वयंसेवकांनी ते रस्त्यावर विकले. कार्यालयासमोर अंकासाठी झुंबड उडाली. पाच-सहा आठवड्यांत, 14 ऑगस्टला, संमतिवय 16 करणारा कायदा मंजूर झाला. वर्षानुवर्षे जे झाले नव्हते ते एका वृत्तपत्राने करून दाखवले. या यशाचे मोल कमी लेखता येणार नाही. त्या कायद्याने असंख्य मुलींना संरक्षण मिळाले.

लेखात एलायझाचे नाव बदललेले होते, तरी तिच्या आईने आणि शेजाऱ्यांनी ओळखायचे ते ओळखले. मुलीला कामाला पाठवतो आहोत असे आपल्याला वाटत होते, असे आई सांगू लागली. बापाची परवानगी कुणी घेतलीच नव्हती, आणि त्या काळच्या कायद्यात बापाचीच परवानगी महत्त्वाची होती. अपहरणाचा खटला उभा राहिला. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात स्टेडला तीन महिन्यांची शिक्षा झाली, जॅरेटला सहा महिन्यांची. तपासणी करणाऱ्या सुईणीलाही सहा महिने झाले आणि ती तुरुंगातच वारली. स्टेडने आपला तुरुंगवास अभिमानाने मिरवला. दर वर्षी 10 नोव्हेंबरला तो कैद्याचे कपडे घालून फिरत असे. सुईण आणि जॅरेट यांच्यासाठी असा कुठला उत्सव नव्हता.

एलायझाला कुणी काही विचारले नव्हते. गरिबांच्या मुलींची खरेदी-विक्री थांबवावी म्हणून एका गरीब मुलीची खरेदी झाली, तिला औषध हुंगवून बेशुद्ध करण्याचा प्रयत्न झाला, तिच्या शरीराची तपासणी झाली आणि ही सगळी कहाणी छापली गेली. हेतू कितीही शुद्ध असला तरी सापळ्यात आमिष म्हणून ठेवलेल्या जिवाचे काय होते, हा प्रश्न त्या दिवसापासून उभा आहे. आणि संतापाच्या लाटेत झालेल्या कायद्यात काय काय शिरते तेही इथेच दिसले. त्याच कायद्यात शेवटच्या क्षणी हेन्री लाबुशेर या खासदाराने एक कलम घुसवले. दोन पुरुषांमधले समलिंगी वर्तन त्याने खासगी जागेतही गुन्हा ठरवले. दहा वर्षांनी, 1895 मध्ये, नाटककार ऑस्कर वाइल्ड याच कलमाखाली तुरुंगात गेला.

तो काळ मुंबईतही संमतिवयाच्याच वादाचा होता. समाजसुधारक बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरची आपली टिपणे 1884 मध्ये प्रसिद्ध केली होती, बालपणी लावलेले लग्न मानायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला मुंबई उच्च न्यायालयात गाजत होता आणि 1890 मध्ये मलबारी हा प्रश्न घेऊन इंग्लंडला गेले. 1891 मध्ये भारतात संमतिवय 10 चे 12 झाले, ‘केसरी’तून टिळकांनी केलेला कडवा विरोध पचवून. इथे मात्र कुणी सापळा लावला नव्हता. वाद झाला तो लेख, सभा, अर्ज आणि न्यायालये यांच्यातून. वेळ जास्त लागला आणि पदरात कमी पडले, पण त्यासाठी कुणी एलायझा झाली नाही.

पोलिसांनीच सापळा लावला तर त्याला मर्यादा कोणती, हा प्रश्न अमेरिकेत दारूबंदीच्या काळात ऐरणीवर आला. दारूबंदी खात्याचा एक माणूस पर्यटक बनून नॉर्थ कॅरोलायनातल्या सॉरेल्स नावाच्या गृहस्थाच्या घरी गेला. दोघेही पहिल्या महायुद्धात एकाच डिव्हिजनमध्ये होते. युद्धाच्या आठवणी निघाल्या आणि मधूनमधून पाहुणा दारू मागत राहिला. यजमानाने नाही म्हटले, पुन्हा नाही म्हटले आणि शेवटी अर्धा गॅलन व्हिस्की आणून दिली. 1932 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गुन्ह्याची कल्पनाच जर सरकारी माणसाने एका निरपराध मनात पेरली असेल तर त्या गुन्ह्याची शिक्षा देता येणार नाही. पुढे 1992 मध्ये जेकबसन नावाच्या नेब्रास्कातल्या शेतकऱ्याची शिक्षा न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली, कारण सरकारी खात्यांनी खोट्या संस्थांच्या नावाने त्याला तब्बल 26 महिने पत्रे पाठवून मुलांची अश्लील चित्रे मागवायला लावले होते.

पण हा सगळा बचाव सरकारी माणसाविरुद्ध आहे. तीच गळ एखाद्या शेजाऱ्याने, पत्रकाराने किंवा इंटरनेटवरच्या अनोळखी स्वयंसेवकाने घातली तर अमेरिकी कायदा आरोपीला हा बचाव देत नाही. नागरिकावर पोलिसांसारखी बंधने नाहीत, आणि पोलिसांना जे करता येत नाही ते त्याला करता येते. या फटीतून पुढचा सगळा प्रकार आत आला.

2002 च्या सुमारास ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये ‘पर्व्हर्टेड जस्टिस’ नावाचे संकेतस्थळ सुरू झाले. त्याचा संस्थापक झेव्हियर व्हॉन एर्क. याहूच्या चॅटरूममध्ये बारा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या मागे लागणारी प्रौढ माणसे त्याने पाहिली होती. त्याचे स्वयंसेवक मुलांच्या नावाने तिथे बसू लागले. समोरच्याने लैंगिक बोलणे सुरू केले की ते लिहून ठेवायचे, फोन नंबर मिळवायचा आणि मग सगळा संवाद त्या माणसाच्या फोटोसकट संकेतस्थळावर टाकायचा. त्यानंतर वाचणारे त्याच्या घरी, नोकरीच्या ठिकाणी, बायकोला फोन करत. सुरुवातीच्या काळात पोलीस, वकील, न्यायाधीश यांचा या साखळीत पत्ताच नव्हता. शिक्षा पहिल्या दिवशी होई आणि तिची मुदत कधी संपत नसे.

2004 मध्ये एनबीसी वाहिनीच्या ‘डेटलाइन’ कार्यक्रमाने या मंडळींना हाताशी धरले. ‘टू कॅच अ प्रिडेटर’ या नावाने ते भाग प्रचंड गाजले. भाड्याच्या घरात छुपे कॅमेरे लावलेले असत, कोवळी दिसणारी एक सज्ञान अभिनेत्री दारातून पाहुण्याला आत बोलावी आणि तो माणूस स्वयंपाकघरात टेकला की निवेदक क्रिस हॅन्सन संवादाचे छापील कागद हातात घेऊन समोर येई. आलेल्यांत धर्मगुरू होते, शिक्षक होते. संकट किती जवळ आहे ते अमेरिकेतल्या पालकांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसले, हे या कार्यक्रमाचे श्रेय. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड परगण्यात 2006 च्या जानेवारीत तीन दिवसांत 51 माणसे आली. तोवर दाराबाहेर पोलीसही उभे राहू लागले होते. स्वयंसेवकांच्या संघटनेला वाहिनी सल्लागार म्हणून पैसे देत होती, पोलीस कॅमेऱ्याच्या वेळापत्रकावर अटक करत होते आणि यातले नेमके कोण कोणाच्या वतीने काम करते आहे हे सांगणे अवघड होत चालले होते.

2006 च्या नोव्हेंबरात टेक्सासमधल्या मर्फी या छोट्या गावात हा गोंधळ उघड झाला. गावातल्या एका घरात चार दिवसांत वीसहून अधिक माणसे पकडली गेली. ज्यांच्या शेजारी हे घर होते ते गावकरी संतापले. अशी माणसे आमच्या गल्लीत आणायला तुम्हाला कोणी सांगितले, असा त्यांचा सवाल होता आणि तो रास्त होता. शिकारीसाठी जनावर जिथे हाकत आणतात तिथेही माणसे राहत असतात.

शेजारच्या परगण्यातला एक सहायक सरकारी वकील 13 वर्षांच्या मुलाच्या नावाने बसलेल्या स्वयंसेवकाशी असाच बोलला होता. पण तो त्या घरी आला नाही. त्याने बोलणे बंद केले. तो येत नाही म्हटल्यावर पोलिसांनी वॉरंट काढले आणि 5 नोव्हेंबरला, रविवारी, सशस्त्र पथक टेरेल गावातल्या त्याच्या घरी पोहोचले. वाहिनीचे कॅमेरे बाहेर रस्त्यावर तयार होते. पथक आत शिरल्यावर त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

त्याने चॅटवर जे लिहिले ते गुन्हाच होते का, याचा निकाल आता कधी लागणार नाही. त्याच्या बहिणीने वाहिनीवर 10.5 कोटी डॉलरचा दावा लावला. वाहिनीने तो फेटाळण्याची मागणी केली. 26 फेब्रुवारी 2008 रोजी न्यूयॉर्कमधले केंद्रीय न्यायाधीश डेनी चिन यांनी ती नाकारली. जबाबदार पत्रकारितेची रेषा ओलांडून वाहिनीने पोलिसांच्या कामात बेपर्वाईने घुसखोरी केली, असा निष्कर्ष ज्युरीला काढता येईल, असे त्यांनी म्हटले. काही महिन्यांत दोन्ही बाजूंत तडजोड झाली. नवे भाग तोवर थांबले होते.

मर्फीत पकडलेल्यांचे काय झाले? कॉलिन परगण्याचे जिल्हा सरकारी वकील जॉन रोच यांनी 23 प्रकरणांत खटला चालवायलाच नकार दिला. बऱ्याच प्रकरणांत बोलणारे दोघेही त्यांच्या हद्दीबाहेर होते, अटका वॉरंटशिवाय झाल्या होत्या आणि पोलिसांची भूमिका दुय्यम होती. म्हणजे मुलांच्या जिवावर उठलेली म्हणून देशभर दाखवलेली माणसे पुराव्याअभावी घरी गेली. त्यांच्यात खरोखर धोकादायक कुणी असेल तर तोही गेला. या सगळ्या इतिहासात शिकाऱ्यांच्या विरोधात जाणारी सर्वांत जड गोष्ट हीच आहे. सापळा कॅमेऱ्यासाठी चोख होता आणि कोर्टासाठी पोकळ. ‘पर्व्हर्टेड जस्टिस’च्या खात्यात 600 हून अधिक दोषसिद्धी आहेत असे ती संघटना सांगत असे. 

ब्रिटनमध्ये गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. तिथल्या ‘स्टिन्सन हंटर’ नावाने काम करणाऱ्या तरुणावरचा चॅनेल 4 चा माहितीपट 2014 मध्ये प्रसारित झाला, त्याला पुढच्या वर्षी बाफ्टा पुरस्कार मिळाला आणि गावोगाव गट निघाले. बीबीसीने पोलिसांकडून मिळवलेल्या आकडेवारीनुसार, फूस लावून मुलाला भेटायला जाण्याच्या गुन्ह्यांपैकी 2014 मध्ये 11 टक्के प्रकरणांत या गटांचा पुरावा वापरला गेला होता. 2016 मध्ये हे प्रमाण 44 टक्क्यांवर गेले. ही वाढ ब्रिटिश पोलिसांच्या अपुऱ्या बळाकडे बोट दाखवते. मुलांना इंटरनेटवर गाठणाऱ्यांची संख्या पोलिसांच्या आवाक्याबाहेर गेली होती आणि लोकांनी ती पोकळी भरली. शिकाऱ्यांना नुसते नाक मुरडणाऱ्यांनी या आकड्यांचे उत्तर द्यायला हवे.

न्यायालयांनीही त्यांना बऱ्यापैकी मोकळे रान दिले. गळ घालून गुन्हा घडवून आणणे हे राज्यसत्तेने केले तर तो न्यायप्रक्रियेचा गैरवापर ठरतो, असे तेव्हा देशाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 2001 मध्ये सांगितले होते. खासगी गटाने ते केले तर खटला बंद पाडण्यासाठी त्याहून कितीतरी गंभीर गैरवर्तन दिसावे लागेल, असे अपील न्यायालयाने 2018 मध्ये ठरवले. जुलै 2020 मध्ये ग्लासगोतले एक प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. 13 वर्षांच्या मुलाचे सोंग घेतलेल्या स्वयंसेवकाला पाठवलेल्या मजकुरावर आरोपीने खासगीपणाचा हक्क सांगितला होता. न्यायालयाने तो एकमताने नाकारला. मुलाला अशा प्रकारे जे पाठवले ते त्या मुलाने गुप्त ठेवावे अशी अपेक्षा कायदा मान्य करत नाही, आणि मुलांचे रक्षण करणे हे तर राज्याचे कर्तव्यच आहे.

निकाल योग्यच होता. पण त्यात प्रश्न होता तो पोलिसांच्या हाती दिलेल्या पुराव्याचा. त्याच माणसाला गटाने पार्टिक स्टेशनवर गाठले आणि तो प्रसंग समाजमाध्यमांवर दाखवला, त्याबद्दल न्यायालयापुढे प्रश्नच नव्हता. पुरावा न्यायालयाने घेतला. मग प्रक्षेपण कशासाठी हवे होते? आरोप सिद्ध होण्याआधी चेहरा जगासमोर आल्याने आरोपीच्या बायको-मुलांवर काय येते ते अनेक ब्रिटिश गावांनी पाहिले आहे. गाठलेल्यांपैकी काहींनी त्यानंतर आत्महत्या केल्या.

आणि शिकारी नेहमी मुलांसाठीच बाहेर पडतो असेही नाही. रशियात मॅक्सिम मार्त्सिन्केविच या नवनाझी पुढाऱ्याने 2010 नंतरच्या वर्षांत ‘ऑक्युपाय पेडोफिलिया’ नावाची मोहीम चालवली. तिच्या चित्रफितींत प्रत्यक्षात समलिंगी पुरुषांना आणि किशोरवयीन मुलांना गाठून त्यांचा छळ केला जाई. लाबुशेरच्या कलमाचीच ही रस्त्यावरची आवृत्ती. नेदरलँड्समधल्या आर्नेममध्ये 2020 च्या ऑक्टोबरात किशोरवयीन पोरांच्या टोळक्याने 73 वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकाला चॅटवरून बोलावून घेतले आणि एवढे मारले की तो वाचला नाही. ‘शिकार’ थांबवा, असे आवाहन मग डच पोलिसांना आणि सरकारी वकिलांना जाहीरपणे करावे लागले. 2024 च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या वुस्टर शहरात काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी टिकटॉकवरच्या ‘शिकारी’ लाटेत सामील होऊन 22 वर्षांच्या एका सैनिकाला टिंडरवरून बोलावले आणि लहान मुलींच्या मागे लागतोस म्हणत त्याचा पाठलाग केला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे बोलावणाऱ्या मुलीच्या प्रोफाइलवर वय 18 होते. तो आजीच्या अंत्यविधीसाठी गावात आला होता आणि त्या संध्याकाळी त्याला चार माणसांत बसायचे होते. विद्यार्थ्यांवर अपहरण आणि कटाचे आरोप ठेवले गेले.

सापळा हा शब्द मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला रोज भेटतो, तो लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या बातमीत. तिथला सापळा कसा लागतो ते पाहण्यासारखे आहे. तक्रारदार आधी लेखी तक्रार देतो. लाच खरोखर मागितली जाते आहे का याची पंचांसमोर पडताळणी होते. नोटांचे क्रमांक लिहून घेतात, त्यांना फिनॉल्फ्थॅलिन किंवा अँथ्रासीनची पूड लावतात आणि त्याचा पंचनामा करतात. ठरलेल्या इशाऱ्यानंतर पथक पुढे होते, हात तपासले जातात आणि पुन्हा पंचनामा होतो. कंटाळवाणी वाटणारी ही प्रत्येक पायरी उद्या उलटतपासणीत वकील काय विचारेल ते डोळ्यांसमोर ठेवून घातलेली आहे. मागणी आधी, सापळा नंतर, हा क्रम उलटला तर खटला ढासळतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 आणि 1956 च्या निकालांत तेच बजावले होते: घडत असलेला गुन्हा पकडणे निराळे आणि लाच द्यायला पैसे पुरवून माणसाला मोहात पाडणे निराळे.

मुंबई महापालिकेच्या एका कारकुनाला 1960 च्या दशकात कुणी लाच देऊ केली. त्याने पोलिसांना कळवले. त्याच्याच घरात मायक्रोफोन लपवला गेला, टेपरेकॉर्डरवर बोलणे उतरले आणि 1967 मध्ये युसुफअली नागरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती टेप पुरावा म्हणून स्वीकारली. नागरिक आणि पोलीस मिळून काय करू शकतात त्याचे हे साधे, जुने आणि भक्कम उदाहरण. टेप कोर्टात वाजली, चौकात नाही.

वाहिन्यांच्या काळात हा क्रम उलटला. 2005 च्या डिसेंबरात प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणारे खासदार कॅमेऱ्यात पकडले गेले आणि 11 जणांची संसदेतून हकालपट्टी झाली. छुप्या कॅमेऱ्याची ती सर्वांत मोठी कामगिरी. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच, 30 ऑगस्ट 2007 रोजी, दिल्लीतल्या सरकारी शाळेतली एक गणिताची शिक्षिका विद्यार्थिनींना वेश्याव्यवसायात ओढते असे ‘लाइव्ह इंडिया’ वाहिनीने दाखवले. शाळेबाहेर जमाव जमला. शिक्षिकेला मारहाण झाली, तिचे कपडे फाडले गेले, तिला अटक झाली, तिची नोकरी गेली. तपासात निघाले की विद्यार्थिनी म्हणून दाखवलेली तरुणी विद्यार्थिनी नव्हतीच आणि सगळा बनाव होता. बातमीदाराला अटक झाली, वाहिनी महिनाभर बंद ठेवली गेली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने अशा प्रक्षेपणांसाठी कडक तत्त्वे सुचवली. लंडनच्या चोरपकड्यांनी जे बक्षिसासाठी केले ते इथे प्रेक्षकांसाठी झाले होते.

भारतीय कायद्याने अजून या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर दिलेले नाही. 2014 मध्ये रजत प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लोकहितासाठी स्टिंग केले एवढ्याने लाच देणारा आपोआप सुटत नाही. त्याचा हेतू काय होता ते खटल्यात पुराव्याने ठरेल. आणि अस्तित्वातच नसलेल्या मुलीविरुद्ध गुन्हा कसा होईल, या आरोपीच्या युक्तिवादाला आपल्या फौजदारी कायद्याने 1860 पासून एक उदाहरण देऊन ठेवले आहे. खिसेकापूने रिकाम्या खिशात हात घातला तरी प्रयत्नाचा गुन्हा होतो. तेव्हा खोटे खाते पुढे करून पकडलेला माणूस एवढ्या कारणावरून निसटू नये. तो निसटेल तो पुराव्याच्या हाताळणीत. मूळ फोन कोणाकडे होता, संवाद मधून तोडला आहे का, इलेक्ट्रॉनिक नोंदीचे प्रमाणपत्र कुठे आहे? हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे हे तर जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये पक्के केले.

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना राईनपाडा विसरता येत नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या या गावात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. तिथे सापळा नव्हता, कॅमेऱ्यामागे संघटनाही नव्हती. पण मुलांना वाचवतो आहोत ही मारणाऱ्यांची भावना होती. ही भावना किती वेगाने पेटते ते ज्याने पाहिले आहे त्याने अनोळखी माणसाचा चेहरा ‘मुलांचा शत्रू’ म्हणून मोबाइलवर पसरवताना हात आखडायला हवा.

आपल्या मुलाच्या फोनवर असा कुणी बोलतो आहे हे दिसलेल्या आईबापांनी काय करायचे, हा प्रश्न उरतोच, आणि पोलीस ठाण्यातला अनुभव नेहमी धीर देणारा नसतो. तरी रस्ता कायद्यात आखलेला आहे. मुलांना ऑनलाइन संबंधात ओढणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67 ब कलमाखाली गुन्हा आहे. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या 19 व्या कलमाने गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले आहे. अमेरिकेतल्या बेपत्ता आणि शोषित मुलांच्या राष्ट्रीय केंद्राकडून येणाऱ्या सूचना 2019 च्या करारानंतर भारतीय पोलिसांपर्यंत पोहोचू लागल्या आणि त्यांवरून महाराष्ट्र सायबर विभागाने गुन्हेही नोंदवले. आणि हौशी शिकाऱ्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे पॉक्सोचे 2019 मध्ये दुरुस्त झालेले 15 वे कलम. सावज जाळ्यात आले की ते अनेकदा अश्लील चित्रे पाठवते. त्यांत मुलाचे चित्र असेल तर ते पुढे पाठवण्यासाठी किंवा दाखवण्यासाठी जवळ ठेवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या कलमाने सूट दोनच कारणांसाठी ठेवली आहे: पोलिसांना कळवण्यासाठी आणि न्यायालयात पुरावा म्हणून देण्यासाठी. आपल्या वाहिनीच्या प्रेक्षकांना दाखवणे त्या दोहोंत बसत नाही.